मिस्त्रींचा उसना कान

समोरच्या घरात तळमजल्यावर मिस्त्री राहतात. मध्ये फक्त गल्ली. दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला पाय टेकावा लागेल एवढीच. माझी खिडकी पहिल्या मजल्यावर, आणि त्यांचं दार गल्लीपलीकडे बरोबर तिच्या समोर, खाली. रंगभूमीवरून निवृत्त होऊन मी इथे राहायला आलो त्याला सोळा वर्षं झाली. त्यातली चौदा वर्षं मी रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन एकच प्रवेश पाहिला. सव्वाआठला ते दार उघडायचं, आधी मोटरसायकलचं पुढचं चाक बाहेर यायचं, मग दिव्याची काच, आणि सगळ्यात शेवटी खाकी शर्टातले मिस्त्री. एका लाथेत गाडी सुरू. दुसरी लाथ मारावी लागली असा दिवस मला आठवत नाही. एका सिलिंडरचं जुनं इंजिन, सावकाश बोलणारं. प्रत्येक ठोका सुटा, जसा पट्टीचा नट स्वगतातलं प्रत्येक वाक्य सुटं टाकतो. मी आयुष्यात पुष्कळ नट पाहिले; इतकी स्वच्छ फेक फार थोड्यांकडे होती.

त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात. त्यांची बायकोसुद्धा रागावली की "अहो मिस्त्री" म्हणते, आणि वहिनी बऱ्याचदा रागावलेल्या असतात.

गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते त्या कोपऱ्यावर त्यांचं एका शटरचं गॅरेज होतं. आत चार गाड्या मावायच्या, पाचवी फुटपाथवर. लोक लांबून यायचे ते त्यांच्या हातासाठी जितके, त्याहून जास्त त्यांच्या कानासाठी. त्यांच्याकडे लाकडी मुठीचा एक हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर होता. चालू इंजिनावर त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं. मग मिस्त्री डोळे उघडून निकाल सांगत, आणि इंजिन खोललं की निकाल तसाच निघे.

आमची ओळख मात्र शेजारापेक्षा जुनी. चाळीस वर्षांपूर्वी आमची नाटक कंपनी गावोगाव फिरत होती. एका मुक्कामी दुसऱ्या अंकात दिवे मंदावायला लागले. जनरेटर धापा टाकत होता. कुणीतरी धावत जाऊन एका काडीसारख्या तरुणाला घेऊन आलं. त्यानं स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले, "तीन मिनिटं द्या" म्हणाला, आणि तीन मिनिटांत आम्हाला आमचा उजेड परत मिळाला. उरलेलं नाटक त्यानं विंगेत उभं राहून पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, तेही डोळे मिटूनच. प्रयोग संपल्यावर मी मोठ्या ऐटीत विचारलं, कसं वाटलं? तो म्हणाला, "नाटकातलं मला कळत नाही. पण वरच्या पट्टीत गेलात की तुमच्या आवाजात बारीक घरघर येते. दाखवून घ्या." मी हसण्यावारी नेलं. दोन महिन्यांनी वैद्यांनी घशात गाठ असल्याचं सांगितलं. वेळेत निघाली. पुढची चोवीस वर्षं मी ज्या आवाजावर जगलो, तो त्या काडीसारख्या पोरानं मला राखून दिला, असंच मी मानतो.

पन्नास वर्षं त्यांनी इंजिनांना कान लावले, आणि हळूहळू इंजिनांनी ते काढून घेतले. आधी बारीक आवाज गेले, पाखरांचे, दाराच्या घंटीचे. मग माणसं नुसते ओठ हलवायला लागली. मिस्त्रींनी ते खूप दिवस लपवलं. दुसरे हसले की हसायचे, दुसऱ्यांनी माना हलवल्या की मान हलवायचे. लेकीनं हट्टानं कानातलं यंत्र आणून दिलं. ते त्यांनी एक दिवस गॅरेजमध्ये लावून पाहिलं आणि संध्याकाळी ड्रॉवरमध्ये टाकलं. म्हणाले, यात माणसं ऐकू येतात, गाड्यांचा नुसता भुगा होतो. माणसांचं ऐकून मला काय करायचंय?

दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या एका सिस्टरनं आपली गाडी त्यांच्याकडून नीट करून नेली. तिसऱ्या दिवशी पुढचं चाक अडकलं आणि ती पडली. मनगट मोडलं. हात प्लॅस्टरमध्ये घालून ती बिचारी स्वतःच मिस्त्रींना सांगायला आली की रस्ता खराब होता, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मिस्त्रींनी तोवर चाक खोललं होतं. आतल्या बेअरिंगच्या गोळ्यांचा चुरा त्यांनी तिच्या समोर धरला. "बाई, हे चाक ओरडत असणार. शेजारच्या दुकानाला ऐकू गेलं असेल. मला नाही आलं." ती गेल्यावर त्यांनी शटर खाली ओढलं, ते सात महिने उघडलं नाही.

त्या सात महिन्यांत मिस्त्री काय करत होते म्हणाल, तर काही नाही. खुर्ची दारात घेऊन बसायचे. येणारी-जाणारी गाडी ओठ वाचावेत तशी वाचायचे. शेवटी लेक एका दुपारी आली. ती शाळेत शिकवते, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, बापासारखीच सरळ आहे. एक चष्मेवाले गॅरेजची जागा मागत होते, त्यांना महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. त्या वेळी मी तिथेच होतो. मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी माझं इंजिन खोलतो. इथे, घरात. पूर्ण बांधतो. ते बरोबर वाजलं तर मी शटर उघडणार. नाही वाजलं तर किल्ली तुझी, मी पुन्हा नाव काढणार नाही."

लेकीनं विचारलं, "पण बाबा, बरोबर वाजतंय हे तुम्हाला कळणार कसं?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "नाटकवाल्यांचा कान आहे ना. महिनाभर उसना घेतो."

खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. निवृत्त नटाला कुणी भूमिका देत नाही. मला तर थेट मिस्त्रींच्या कानाची मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी गाडीतून इंजिन उतरलं आणि पुढच्या खोलीत जुन्या चादरीवर येऊन बसलं. त्या खोलीत एक पलंग, एक टेबल, एक भिंतीतलं कपाट. आता मधोमध हे काळं, तेलकट पाहुणं. वहिनींनी कमरेवर हात ठेवून बघितलं. "पंचेचाळीस वर्षं सवत बाहेर होती," त्या मला म्हणाल्या, "म्हातारपणी घरात आणून बसवली." पण चांगल्यातल्या स्टीलच्या ताटल्या त्यांनीच काढून दिल्या. एका ताटलीत हेडचे बोल्ट, एकीत व्हॉल्व्ह आणि त्यांच्या स्प्रिंगा, एकीत गिअर, ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं. कोणतीही ताटली हलवायची नाही असा दंडक होता. वहिनी आठवडाभर भिंतीच्या कडेकडेनं स्वयंपाकघरात जायच्या.

मिस्त्रींचे हात पाहणं हा एक सोहळा होता. कान गेले होते, बोटं शाबूत होती. सिलिंडरच्या आत बोट फिरवून ते झिजलेली जागा दाखवायचे. मला ती गुळगुळीतच लागायची. व्हॉल्व्हच्या बैठकीला बारीक पेस्ट लावून, दोन तळहातांत काडी धरून ताक घुसळावं तशी फिरवायचे, मग वरून रॉकेल ओतून ठेवायचे. तासाभरानं खाली थेंब नाही, म्हणजे बैठक घट्ट. पिस्टन खिळीवर बसवायच्या दिवशी त्यांनी वहिनींकडे उकळतं पाणी मागितलं. गरम पाण्यात पिस्टन फुगतो आणि खीळ लोण्यासारखी आत जाते. वहिनींनी मोठं पातेलं दिलं आणि बजावलं की यात मी आता कपडे भिजवीन, स्वयंपाक नाही करायची. मिस्त्रींनी मान डोलावली. त्यांना ऐकू गेलं होतं की नाही कोण जाणे.

माझी तालीम रोज अकराला. मिस्त्री शेजारच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांकडे मला घेऊन जायचे, मालकाला गाडी चालू करायला लावायचे, स्क्रू ड्रायव्हर माझ्या कानामागे टेकवायचे. एका सिलिंडरच्या इंजिनाचं बरं असतं, ते म्हणायचे, एकटाच बोलतो. गर्दीत कोण खोटं बोलतंय ते शोधावं लागत नाही. त्यांनी मला तीन आवाज शिकवले. वरून येणारी बारीक टिकटिक, शिवणयंत्रासारखी, ती टॅपेटची. अर्ध्या तासाचं काम, घाबरायचं नाही. मधून येणारा ओल्या कापडानं थोपटल्यासारखा आवाज पिस्टनचा. इंजिन तापलं की गेला पाहिजे. आणि तिसरा अगदी खालून, जिथे पिस्टनचा दांडा क्रँकला धरतो तिथून. "घराला तळघर असावं, आणि तिथून कुणीतरी दार ठोठावावं, तसा. इंजिन तापल्यावर वाढतो. तो ऐकू आला की गाडी जागच्या जागी बंद करायची. पाच मिनिटंसुद्धा नाही चालवायची." ते मला घोकायला लावायचे. वर शिवणयंत्र, मध्ये कापड, खाली तळघर. मी संवाद पाठ करावेत तसे पाठ केले.

क्रँकमध्ये नवी पिन आणि नवं बेअरिंग घालायचं होतं. ते काम घरात होत नाही, दाबून बसवायला प्रेस लागतो. मिस्त्री लेथवाल्याकडे जाऊन स्वतः उभे राहून बसवून घेऊन आले. मग चादरीवर मांडी घालून त्यांनी क्रँक मांडीवर घेतला. क्रँकच्या दांड्यात एक बारीक भोक असतं. त्यातून तेल आत शिरतं आणि पिनच्या भोकातून बेअरिंगपर्यंत पोचतं. दोन भोकं समोरासमोर आली नाहीत तर बेअरिंगला तेल मिळत नाही. म्हणून मिस्त्रींची पन्नास वर्षांची रीत होती. बसवून झालं की दांड्याच्या भोकात फुंकायचं, आणि बेअरिंगपाशी बारीक फुस्स ऐकू आलं की पुढे जायचं. त्यांनी ओठ लावले, गाल फुगवले, फुंकलं. पुन्हा एकदा फुंकलं. मान डोलावली आणि क्रँक ताटलीत ठेवला. मी तेव्हा पलंगावर बसून वर्तमानपत्र वाचत होतो. त्या फुंकरीत ऐकण्याजोगं काही असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

महिना संपायला चार दिवस होते तेव्हा इंजिन पुन्हा गाडीत चढलं. शनिवारी सकाळी मिस्त्रींनी लाथ मारली. पहिलीला नुसता उसासा, दुसरीला खोकला, तिसरीला सुरू. ते लगेच माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी स्क्रू ड्रायव्हर लावला. वर काही नाही. मध्ये थोडं कापड, ते मिनिटभरात विरलं. खाली शांत. पाचेक मिनिटं ऐकून मी त्यांच्याकडे वळलो आणि ओठ नीट हलवत म्हणालो, स्वच्छ. ते खरं होतं. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं आणि टाकीवर हात ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले.

रविवारी लेक आली. जावई आले. लेथवाले आले, शेजारचे दोघे-तिघे आले. गल्लीत खुर्च्या टाकल्या. मिस्त्रींनी इस्त्रीचा खाकी शर्ट घातला होता आणि दाढी इतकी घोटून केली होती की हनुवटीवर कापलं होतं. गाडी सुरू झाली. लोक टाळ्या वाजवत होते, जावई फोटो काढत होते. मिस्त्री थ्रॉटल वाढवून दाखवत होते, उतरवून दाखवत होते, आणि गाडीला बोलायला लावल्यासारखे मंडळींकडे बघत होते. दहा मिनिटं झाली असतील. मी स्क्रू ड्रायव्हर लावून उभा होतो, प्रमुख पाहुण्याच्या ऐटीत. आणि खालून आला.

ठक. मग काही नाही. मग ठक, ठक. तळघरातलं दार.

वाटलं, भास असेल. थ्रॉटल वाढला तसा आवाज वाढला. तेवढ्यात वहिनी उंबऱ्यातून म्हणाल्या, "अहो, खाली काहीतरी ठोकल्यासारखं वाजतंय." त्यांना ना स्क्रू ड्रायव्हरची गरज ना तालमीची; त्या पंचेचाळीस वर्षं त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसलेल्या. मिस्त्रींना ऐकू आलं नाही, पण सगळ्यांच्या माना वळल्या तशी त्यांचीही वळली. लेकीनं हातानं खूण करून सांगितलं, आई म्हणते खाली वाजतंय. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं.

आता नाटकातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी काय केलं ते कळेल; माफ करा असं म्हणत नाही. प्रयोग चालू असताना नटाला त्याची चूक सांगायची नाही, हा आमचा अलिखित नियम. विंगेत आलेला नट घामाघूम होऊन विचारतो, कसं जातंय? त्यानं अख्खं पान गाळलेलं असलं तरी म्हणायचं, झकास. कारण त्याला पुन्हा बाहेर जायचं असतं. सांगायचं ते पडदा पडल्यावर, रंग उतरवताना, एकांतात. चाळीस वर्षं मी हे केलं आणि त्यात माणुसकी आहे असं मानत आलो. त्या क्षणी माझ्यासमोर भरलेलं नाट्यगृह होतं आणि मध्ये इस्त्रीच्या शर्टात माझा नट.

मी हसलो. ओठ नीट हलवत म्हणालो, "नवीन इंजिन आहे, बसतंय. स्वच्छ." आणि वहिनींकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "वहिनी, याला तालीम लागते." लोक हसले. मिस्त्रीही हसले, बायकोकडे बघून मान हलवत. वहिनी आत गेल्या.

गाडी बंद झाली. लेकीनं तिथेच चष्मेवाल्यांना फोन लावून नाही सांगितलं. मिस्त्रींना तिचे ओठ वाचता आले. त्यांचे डोळे भरून आले ते त्यांनी पुसलेही नाहीत. मी ठरवलं होतं, मंडळी गेली की सांगू. मंडळी जाता जाईनात. ती गेली तेव्हा मिस्त्री खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते, महिन्याभराचा थकवा. वाटलं, उद्या सकाळी सांगू. सव्वाआठच्या आधी खाली उतरायचं.

सोमवारी मी पावणेआठला उतरलो. दार उघडं होतं आणि गाडी नव्हती. वहिनी म्हणाल्या, साडेसातलाच गेले, पाण्याच्या टाकीच्या चढापर्यंत जाऊन येतो म्हणाले, मग शटर उघडायचंय. चपला घातल्या आणि तसाच निघालो. रिक्षा मिळेपर्यंत दहा मिनिटं गेली.

चढाच्या मध्यावर मिस्त्री रस्त्याच्या कडेच्या कट्ट्यावर बसलेले दिसले. गाडी स्टँडवर. खाली तेलाचं थारोळं. चढावर इंजिनानं जीव सोडला होता; पिस्टनचा दांडा तुटून इंजिनाचं केसिंग फोडून बाहेर आला होता. मागचं चाक जाम झालं तेव्हा त्यांनी क्लच दाबला म्हणून पडले नाहीत. इतक्या वर्षांची बोटं. मला पाहून त्यांनी नुसता हात वर केला, बसा म्हणून. मी शेजारी बसलो. टेम्पो येईपर्यंत ते माझ्याकडे बघत नव्हते; मी बोललो असतो तरी त्यांना कळलं नसतं.

दुपारी त्यांनी निरोप पाठवला. मी गेलो तर इंजिन चादरीवर खोललेलं. या वेळी ताटल्या नव्हत्या, भाग कुठेही पडले होते. त्यांच्या हातात क्रँकची पिन होती, जळून निळीकाळी झालेली. त्यांनी मला दाखवलं. क्रँकच्या दांड्याचं भोक एकीकडे, पिनचं भोक दुसरीकडे, बोटभर अंतर. पिन फिरलेली बसली होती. तेल कधी पोचलंच नव्हतं. वरून लावलेल्या चार थेंबांवर इंजिन शनिवार-रविवार जगलं.

"मी फुंकलं होतं," ते म्हणाले. "आवाज आला नाही. पण हल्ली आवाज येतच नाही ना कशाचा. मी धरून चाललो, की येत असेल. हल्ली सगळंच धरून चालतो मी."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मिस्त्रींनी पिन खाली ठेवली, हात फडक्याला पुसले, आणि माझ्या तोंडावर नजर रोखली. ओठांवर, जशी ते हल्ली सगळ्यांच्या रोखतात.

"काल वाजत होतं?"

आयुष्यभर मी मोठमोठ्या नाट्यगृहांत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवला. त्या खोलीत मला तो सापडेना. पण त्यांना आवाजाची गरज नव्हती. मी ओठ हलवले. हो.

"तळघर?"

तळघर.

"हिनं सांगितलं तेव्हा?"

त्याच्या थोडं आधी.

त्यांनी मान हलवली, एखादा हिशोब जुळल्यासारखी. मी सगळं सांगायला लागलो, विंगेतला नियम, एकांतात सांगणार होतो, सकाळी आलो होतो. त्यांनी माझ्या ओठांवरून नजर काढून घेतली आणि बायकोकडे वळले. म्हणजे मी बोलत होतो आणि कुणी ऐकत नव्हतं. "तुझं बरोबर होतं," ते तिला म्हणाले. "लोकांत मी हसलो तुला."

वहिनी मला दारापर्यंत सोडायला आल्या. "मला सगळ्यांसमोर खोटं पाडलंत, त्याचं काही नाही," त्या हळू म्हणाल्या. ज्या घरात सगळं ओरडून बोलावं लागतं तिथे त्या हळू बोलल्या. "त्यांनी तुमचं खरं मानलं, ते वाईट झालं, भाऊजी."

लेक संध्याकाळी आली ती बापाला समजवायलाच. चूक छोटी आहे, केसिंग वेल्ड होईल, चष्मेवाल्यांना तिनं नाही म्हटलंय ते नाहीच. मिस्त्रींनी उठून कपाटातून किल्ली काढली आणि तिच्या पर्समध्ये स्वतःच्या हातानं टाकली. ती रडायला लागली. मी खिडकीतून सगळं बघत होतो. गल्ली अरुंद आहे, आणि मिस्त्री बहिऱ्या माणसासारखे मोठ्यानं बोलतात.

"इंजिन मोडलं म्हणून नाही गं," ते म्हणाले. "इंजिनं मोडतात. माझ्या कानानं चाललो तर ती सिस्टर पडली. दुसऱ्याच्या कानानं चाललो तर..." माझ्या खिडकीकडे त्यांनी पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांत गॅरेज रिकामं झालं. प्रेसिंगचे ठोकळे, हातोड्या, पान्यांचा फळा, सगळं हातगाडीवरून घरी आलं. चष्मेवाल्यांनी शटर पांढरं रंगवलं आणि आत आरसे लावले. मिस्त्री त्या कोपऱ्यावरून जाताना पलीकडच्या फुटपाथनं जातात.

मी माफी मागितली. दोनदा तोंडानं, एकदा चार पानी पत्र लिहून. त्यांनी पत्र वाचून घडी करून खिशात ठेवलं आणि मला चहा पाजला. आमचं भांडण झालं नाही, अबोला झाला नाही. ते माझी चौकशी करतात, गुडघ्याला कोणतं तेल लावायचं ते सांगतात. एवढंच, की ते मला आता काही विचारत नाहीत. वाणसामान आणणाऱ्याला विचारतात घंटी वाजली का, पोस्टमनला विचारतात नळ गळतोय का बघा हो, आवाज येतो का. मला नाही. मी समोर बसलेलो असलो तरी नाही.

पुढच्या उन्हाळ्यात इंजिन पुन्हा चादरीवर आलं. या वेळी कशासाठी, कुणाला दाखवायला, काही नव्हतं. शटर गेलं होतं. मला बोलावणं नव्हतं. खिडकीतून जेवढं दिसेल तेवढं मी पाहिलं. वेल्ड केलेलं केसिंग आलं, नवा क्रँक आला. एका दुपारी मिस्त्री क्रँक मांडीवर घेऊन बसले आणि वहिनी त्यांच्या समोर जमिनीवर, पदर खोचून, कान बेअरिंगपाशी नेऊन वाकलेल्या. मिस्त्री फुंकत होते. वहिनी मान हलवून नाही म्हणाल्या. पुन्हा फुंकलं. पुन्हा नाही. क्रँक दोनदा लेथवाल्याकडे जाऊन आला. तिसऱ्या वेळी वहिनींनी हात वर केला.

एका सकाळी, मी चहा ओतत होतो तेव्हा, खालून लाथेचा आवाज आला आणि लगेच ते सुरू झालं. मी कप तसाच ठेवून खिडकीशी गेलो. मोटरसायकल दारात उभी होती, मिस्त्री तिच्या एका बाजूला, वहिनी दुसऱ्या. मी पूर्ण पंधरा मिनिटं ऐकलं. वर शिवणयंत्र नाही. मधलं कापड विरलं. खाली तापल्यावरही निवांत. प्रत्येक ठोका सुटा, गोल, आपल्या जागी. इतकं शुद्ध काही मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मला वाटलं, खिडकीतून ओरडावं, मिस्त्री, स्वच्छ आहे, आईशपथ स्वच्छ.

त्यांनी सहज वर पाहिलं. मी दिसलो. मी दोन्ही हात उंच करून, ओठ नीट हलवून, तो शब्द म्हणालो.

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. नजरेत राग नव्हता. ओळखीच्या माणसाकडे बघावं तसंच बघत होते. मग ते वहिनींकडे वळले आणि भुवया उंचावून त्यांनी विचारलं. वहिनी अजून थोडा वेळ वाकून ऐकत राहिल्या. मग त्यांनी मान हलवली, हो. तेव्हा कुठे मिस्त्रींनी गाडी स्टँडवरून उतरवली, वहिनी मागे बसल्या, आणि ती दोघं गल्लीतून बाहेर पडली.